चार तास पन्नास मिनिटं

“मुलीला बोलावून घ्या,” डॉक्टर म्हणाले. बाबांच्या खाटेसमोरच्या भिंतीवरच्या घड्याळात सव्वा अकरा वाजले होते.

ताईला फोन लावला. ती म्हणाली, चार तास पन्नास मिनिटंच तर आहेत, आत्ता निघते. हा आकडा तिनं कुठून आणला, हे विचारायची सोय नव्हती. तो माझाच होता.

मी पोटापाण्यासाठी शहरांमधली अंतरं लिहितो, एका प्रवास कंपनीच्या संकेतस्थळावर. नकाशावर दोन शहरांमध्ये सरळ रेघ मारायची, विमानाच्या वेगानं भागायचं, वर अर्धा तास टाकायचा. तिथे विमान जातं का, हे बघायचं नाही. ‘थेट विमान नाही’ असं लिहिलं की माणूस पान बंद करतो, हे साहेबांचं म्हणणं. त्यामुळे न उडणाऱ्या कितीतरी विमानांच्या वेळा मी लिहिल्या आहेत. त्यांना कधीच उशीर होत नाही.

ताईची अशाच एका शहरात नुकतीच बदली झालेली. चार दिवसांपूर्वी ती यायला निघतच होती. मग तिनं त्या शहराचं माझं पान वाचलं आणि म्हणाली, एवढं जवळ आहे तर रजा राखून ठेवते, डॉक्टर म्हणतील तेव्हा येते. मी बरं म्हणालो. माझं लिखाण घरातल्या कुणी पहिल्यांदाच वाचलं होतं.

बाबांनी फोन ऐकला होता. ते शाळेत शिपाई होते, तीस वर्षं घंटा दिलेली. डोळे न उघडताच त्यांनी हिशेब केला.

“म्हणजे चार वाजून पाच. तोवर थांबतो.”

ते अगदी सहज म्हणाले.

अर्ध्या तासानं ताईचा फोन आला. दोन ठिकाणी विमान बदलायचं, पोचायला उद्या सकाळचे आठ.

“तूच लिहिलंयस ना रे?”

“हो.”

“मग?”

मी म्हणालो, रेघ सरळ आहे. तिनं फोन ठेवला.

दुपारभर बाबा डोळे उघडून घड्याळ बघत होते आणि मी बाबांना. त्यांचा जरा डोळा लागला तसा मी स्टुलावर चढलो आणि घड्याळातला सेल काढला. चारला वीस कमी. वळून बघतो तर दारात नर्स. तिनं भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीपाशी जाऊन पडदा ओढला, बाहेरचं ऊन उतरताना दिसू नये असा.

“किती वाजले?” बाबांनी विचारलं.

“चारला वीस कमी.”

“मग आहे वेळ.”

हे पाच-सहा वेळा झालं. शेवटच्या वेळी त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

“आजचा तास फार लांबवलास रे,” म्हणाले, आणि माझ्या हातावर थोपटलं.

पहाटे ते गेले. वेळ लिहिताना नर्सनं स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं.

ताई सव्वाआठला आली, खांद्यावर बॅग तशीच. बाबांच्या पायाशी बसली. मग तिची नजर वर भिंतीकडे गेली आणि तिथेच राहिली.

“चुकलंय का ते?”

सेल माझ्या मुठीत होता, धरून धरून गरम झालेला.