अळणी देवी

पुष्पलता ओट्यावर बसली होती. तिचे दोन्ही हात थरथरत होते, मान डुलत होती आणि अर्धं मुरबं गाव तिच्या पाया पडत होतं.

"आय आली हाय! मिठानं अंग जड व्हतं, आयला बसाया जागा ऱ्हात नाय. म्हून मी अळणीचं व्रत सांगितलं!" नागोराव भगत ढोलावर ताण करून ओरडत होता. देवीनं आपलं पथ्य त्यालाच कधी कळवलं, कोण जाणे.

खरं सांगते, आदल्या दिवशी मीही माझ्या नलूला त्या पायांशी ठेवलं होतं. पोरीचा खोकला हटत नव्हता, मी थकले होते. आणि म्हणे मी बी.ए.!

पुष्पलता आमची शेजारीण. पूर्वी ती आठ-आठ दिवस झोपायची नाही, दागिने वाटत सुटायची. मग महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडायची. मुंबईच्या डॉक्टरांनी लिथियमच्या गोळ्या दिल्या, महिन्याच्या महिन्याला रक्त तपासलं, तेव्हा ती पुन्हा मासळी विकायला बसू लागली. गोळ्यांबरोबरचा इंग्रजी कागद मीच तिला वाचून दाखवला होता.

तिला पेज भरवायला गेले, आधी चाखली. मासळी खारवायला ज्या घरात मिठाची पोती, तिथल्या पेजेत मिठाचा कण नाही. एक घास गिळला आणि ती ओकली. बोलताना जीभ अडखळत होती. कागदावरची मिठाबद्दलची ओळ आठवली आणि मी पेजेची वाटी खाली ठेवली.

"कमलाकांत, हिच्या गोळ्या बंद केल्यात?" मी तिच्या नवऱ्याला विचारलं.

"नाय वो, मास्तरीणबाय. डाक्टरचं बी ऐकतो, भगताचं बी. गोळी चालू, मीठ बंद. आज सावा दिस."

मी भगताकडे वळले. "अळणी किती जणींनी धरलंय?"

"सात. माझी बायडी धरून."

"अगं, हात दाखव बघू," मी भगताच्या बायकोला म्हटलं.

तिनं हात पुढे केले. दगडासारखे स्थिर.

"मग देवीला हीच कशी सापडली?"

"जिचं पुण्य मोठं..."

"मेल्या," म्हातारी जमना उसळली, "सा दिस मी बी अळणी गिळते, माजं बोट हलत नाय! फुकट गिळलं व्हय?"

कुणीतरी हसलं. ढोल थांबला.

"आय कोपली तर?" कमलाकांत पुटपुटला.

"आता नेलं नाही तर बायको जाईल. होडी काढा. आजची गोळी देऊ नका."

खाडी ओलांडून सातपाटी, तिथून मोटारीनं पालघर. डॉक्टरांनी सलाईन लावून तिला मुंबईला धाडलं. मला म्हणाले, "मीठ तुटलं की शरीर ही गोळी बाहेर टाकणं कमी करतं. ती रक्तात साठते, विष होते. थरथर त्याची. आणखी दोन दिवस गेले असते तर..."

पंधरा दिवसांनी ती परतली. गोळी तीच, रक्त तपासून मापानं कमी केलेली. भगत सांगत फिरतो, "आय दर्यात परत गेली." त्याच्याशी भांडायचं त्राण माझ्यात नाही.

तुम्हाला मात्र सांगते. कुणाच्या अंगात येताना दिसलं, तर आधी विचारा: हिनं काय खाल्लं, काय सोडलं, कुठली गोळी चालू आहे? मनाच्या दुखण्याची गोळी आपल्या मनानं सोडू नका, वाढवू नका, आणि तिच्यावर व्रत धरण्याआधी डॉक्टरांना विचारा. नमस्कार नंतरही करता येतो. मी तो आधी केला, आणि त्यात पुष्पलतेचा एक दिवस गेला.