डावखुरी रायफल

ती डावखुरी रायफल विकली गेली असती तर मर्ल क्लिंगमनचे तीन फायदे होते. एक, तीनशे ऐंशी डॉलर. दुसरा, भिंतीवरच्या बंदुकांच्या घोडीत एक जागा मोकळी झाली असती. तिसरा फायदा तो कुणापाशी बोलत नसे: रोज सकाळी दुकान उघडल्या उघडल्या ती नजरेला पडली नसती. अकरा वर्षं ती तिथे उभी होती आणि अकरा वर्षं मर्ल गिऱ्हाइकांना सांगत होता, की कारखान्याने चुकून पाठवली. आता परत पाठवायचा खर्च कोण करणार.

कारखाना बिचारा निर्दोष होता. मर्लने ती स्वतः मागवली होती, आपल्या डॅरिलसाठी. डॅरिल जन्माचा डावरा. बारा वर्षांचा झाल्यावर बापाने त्याच्या हातात उजव्या हाताची रायफल ठेवली. "दाराच्या मुठी उजव्या, कात्र्या उजव्या, सगळं जग उजवं. लवकर शिकलेलं बरं," हे मर्लचं वाक्य. पेनसिल्व्हेनियाच्या त्या डोंगरातल्या गावात बंदुकांचं दुकान एकच, त्यामुळे तिथलं वाक्य म्हणजे शास्त्र. आसपासच्या चार खोऱ्यांतली डावरी पोरं त्या वाक्यावर वाढली.

गावाची रीत अशी, की हरणावर झाडलेली गोळी वाया गेली, की नेमबाजाच्या शर्टाची मागची शेपटी कापायची, तिच्यावर नाव-साल लिहायचं आणि ती मर्लच्या दुकानात भिंतीला ठोकायची. लाज कुणालाच वाटत नसे. पाद्रीबाबांच्या दोन होत्या, क्लाइड न्हाव्याची एक, खुद्द मर्लचीही एक होती. डॅरिलच्या सात होत्या, एकोणऐंशी ते पंच्याऐंशी, ओळीने, एकही साल न चुकवता.

सातवी ठोकल्यानंतरच्या हिवाळ्यात एक फिरता विक्रेता दुकानात आला आणि त्याने भोक पाडलेल्या पुठ्ठ्याची परीक्षा करून दाखवली. दोन्ही डोळे उघडे ठेवून भोकातून लांबचं काहीतरी बघायचं आणि पुठ्ठा हळूहळू तोंडाशी आणायचा. ज्या डोळ्यावर तो येतो, तो मालक; नेम त्यानेच धरायचा. "हाताला शिकवता येतं, डोळ्याला नाही," विक्रेता म्हणाला. गंमत म्हणून डॅरिलनेही पुठ्ठा धरला. तो सरळ डाव्या डोळ्यावर आला. डॅरिलने पुठ्ठा गल्ल्यावर ठेवला, भिंतीकडे एकदा पाहिलं आणि वर घरात निघून गेला.

मर्लने दुसऱ्या दिवशी रायफल मागवली. 'चुकलं' हा तीन अक्षरी शब्द त्याला जड होता. रायफलच आपल्या वतीने बोलेल असा त्याचा हिशेब. रायफल जूनमध्ये आली. डॅरिल मार्चमध्येच ॲरिझोनाला गेला होता. तिथे तो थंड हवेची यंत्रं बसवतो आणि नाताळला कार्ड पाठवतो. कार्डावर नुसती सही असते.

तर सत्त्याण्णवच्या नोव्हेंबरात, हंगामाला दोन आठवडे असताना, एल्वुड रेबर आपल्या बारा वर्षांच्या नातीला, जोलीनला, घेऊन दुकानात आला. शेगडीभोवती नेहमीची मंडळी कॉफी पीत होती.

"हिला पहिली रायफल हवीय," एल्वुड म्हणाला. "भानगड एवढीच, की पोरगी डावरी आहे. आईकडून आलंय."

"अक्कल आली असली तर तीही तिकडूनच आली असेल," शेगडीपासून क्लाइड म्हणाला.

"तू कप सांभाळ. परवा माझा अर्धा कान कापलास."

"मोठाच होता."

मर्लने तो भोकाचा पुठ्ठा काढला. जोलीनला म्हणाला, "त्या घड्याळाकडे बघ. डोळे मिटायचे नाहीत." पुठ्ठा डाव्या डोळ्यावर आला. त्याने तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा डावा. मग, का कोण जाणे, त्याने ती डावखुरी उतरवली, रिकामी असल्याची खात्री केली आणि तिच्या हातात दिली.

पोरीने दस्ता डाव्या खांद्याला लावला. गाल आपोआप लाकडावर टेकला. डाव्या हाताने काडतूस सरकवायचा बोल्ट मागे ओढला, पुढे ढकलला. हाताकडे बघितलंसुद्धा नाही. मर्लचा धंदा चाळीस वर्षांचा होता. माप बसलं, की गिऱ्हाईक बोलायच्या आधी त्याला कळत असे.

"पॅप, हीच," जोलीन आजोबांना म्हणाली. "दस्ता लांब आहे जरासा."

"तो कापून देतो," मर्ल म्हणाला.

एल्वुडने किमतीची चिठ्ठी उलटून पाहिली. "कापून दे, आणि उद्या हिला कंटाळा आला की मी विकू कुणाला? गावात डावी रायफल दुसरं कोण चालवतं?" मग त्याला आठवण झाली. "आणि काय रे मर्ल, सगळं जग उजवं, हे तुझंच ना? डॅरिलला तू उजवीच दिलीस. का तेव्हा चुकलं होतं तुझं?"

त्याने खोचकपणे विचारलं नव्हतं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. पण शेगडीजवळच्या माना वळल्या. क्लाइडचा कप ओठांपाशी थांबला.

मर्लने हिशेब केला. एका बाजूला तीनशे ऐंशी डॉलर, मोकळी जागा आणि मोकळी सकाळ. दुसऱ्या बाजूला एक शब्द. पण तो शब्द सुटा नव्हता. त्याच्यामागे सात शेपट्या होत्या, चार खोऱ्यांतली पोरं होती, आणि संध्याकाळी क्लाइडचं दुकान होतं, जिथे तो शब्द दाढीच्या फेसाबरोबर प्रत्येकाच्या तोंडाला लागला असता.

"चुकतंय कसलं," मर्ल म्हणाला. "डॅरिलचं मनच नव्हतं त्यात."

"झालं तर मग," एल्वुड म्हणाला.

मर्लने उजवी रायफल काढली, मुलांच्या मापाची, आखूड दस्त्याची. जोलीनने डावखुरी स्वतःच परत जागेवर ठेवली.

"महिनाभरात सवय होईल," मर्ल तिला म्हणाला.

"तुमच्या मुलाला किती दिवस लागले, मिस्टर क्लिंगमन?"

मर्ल काडतुसांचा खोका शोधायला खाली वाकला. शोधायला बराच वेळ लागला.

हंगामाचा पहिला सोमवार. शाळेला सुट्टी, दुपारपर्यंत गावात एक पुरुष शोधून सापडायचा नाही. चारच्या सुमारास एल्वुड आणि जोलीन दुकानात आले. दोघांचे बूट गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले. शिंगांना आठ टोकं असलेला नर साठ पावलांवर आला होता, एल्वुडने सांगितलं. पोरीने डावा डोळा दाबून मिटला आणि पहिली गोळी झाडात घातली. दुसरी मागच्या पायाला लागली. पाच तास ते रक्ताच्या मागावर होते. पुढे दलदल आली आणि रक्त दिसेनासं झालं.

"दलदलीतून फार लांब नाही जात ते," शेगडीपाशी बसलेला क्लाइड म्हणाला. त्याला असं हळू बोलता येतं, हे तोवर कुणाला ठाऊक नव्हतं.

"म्हणजे मरेल?" जोलीनने विचारलं.

"मरेल. पण लगेच नाही."

तिने कोट काढला. चौकटीच्या शर्टाची शेपटी ओढून बाहेर काढली. "कापा," म्हणाली.

"यंदा राहू दे," मर्ल म्हणाला.

"का? सगळ्यांची कापता ना."

गल्ल्यावरची कात्री तिनेच उचलली, डाव्या हातात. पाठीमागून कापड पुढे घेतलं आणि पाती मिटली. कापड कापलं गेलं नाही, पात्यांमध्ये दुमडलं. तिने पुन्हा दाबलं. कात्रीने कापड नुसतं चावलं. ती उजव्या हाताची होती. दुकानात दुसरी नव्हती. अखेर मर्लला ती तिच्या हातातून घ्यावी लागली. त्याने कापलं, नाव-साल लिहिलं. डॅरिलच्या सातव्या शेपटीच्या पुढची जागा तेवढी रिकामी होती; तिथे ठोकलं.

पुढच्या शनिवारी जोलीन एकटीच आली. आजोबांचा ट्रक बाहेर चालू होता. तिने उजवी रायफल गल्ल्यावर आडवी ठेवली. "पॅप म्हणालेत, जमलं तर परत घ्या."

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मर्लने डावखुरी खाली काढून तिच्यापुढे ठेवली. "ही ने. पैसे नकोत," तो म्हणाला. आणि मग, कुणीच ऐकायला नसताना, तो शब्द एकदाचा बाहेर आला. "माझं चुकलं. डॅरिलच्या वेळीही चुकलं."

पोरीने रायफलला हात लावला नाही. "हे त्या दिवशी पॅपसमोर म्हणायचं होतं," ती म्हणाली. "आता मला नकोय. मला ते हरीण दिसतं."

ती गेली. ट्रक वळून खाली उतरेपर्यंत मर्ल काचेतून बघत राहिला. मग त्याने डावखुरी घोडीत परत उभी केली.

हिशेब असा बसला. एल्वुडला पैसे परत मिळाले, पै न् पै. क्लाइडला सांगायला त्या कात्रीची गोष्ट मिळाली, जी त्याने कधीच सांगितली नाही. 'सगळं जग उजवं' हे मर्लचं वाक्य गावात शाबूत राहिलं. त्याची किंमत डॅरिलने सात हंगाम भरली, जोलीनने एक, आणि दलदलीतल्या त्या नराने किती दिवस, ते कुणी मोजलं नाही. मर्लकडे ती किंमत मागायला कुणीच आलं नाही.