काशीरामच्या पेटीचे बारा स्क्रू

मित्रांनो, मी एक जुना अकॉर्डियन आहे आणि या जगात मी कोणापुढेही वाकलेलो नाही.

वाक्य भारदस्त आहे, पण खरं नाही. माझ्या छातीला अठरा घड्या आहेत आणि वाकणं हाच माझा पिढीजात धंदा आहे. शिवाय हे वाक्य मी पहिल्यांदा मनाशी म्हटलं तेव्हा मी कपाटावर होतो आणि माझ्या डोक्यावर एक बंद पडलेला मिक्सर होता. तरीही मी ते मागे घेत नाही. का, ते ऐका.

माझा जन्म जर्मनीतल्या कुठल्याशा गावी झाला. गावाचं नाव माझ्या पोटातल्या कागदावर छापलेलं होतं. तो कागद पनवेलच्या झुरळांनी खाल्ला, तेव्हापासून मी पनवेलचाच. एका जहाजावरच्या खानसाम्यानं मला बंदरात आणलं आणि पाटीभर कोळंबीच्या बदल्यात काशीराम घरत नावाच्या तरुणाला देऊन टाकलं. काही वाद्यांच्या इतिहासात राजदरबार असतात. माझ्या इतिहासात कोळंबी आहे. ती ताजी होती, एवढं मी ऐकून आहे.

काशीरामच्या घरची खाडीकाठी मिठागरं होती. दिवसभर तो मीठ ओढायचा आणि संध्याकाळी बांधावर बसून मला ओढायचा. त्याला शिकवायला कोणी नव्हतं. उजव्या हाताला चाली आपोआप सापडल्या. डाव्या हाताला मात्र माझ्या एकशेवीस बटणांपैकी सहाच सापडली. उरलेली एकशेचौदा मी अजून नवीकोरी राखून आहे.

त्या सहा बटणांवर आम्ही तीस वर्षं काढली. पनवेलपासून उरणपर्यंत कुठल्याही गावात हळद असली की मांडवात आम्ही हजर. बाया गाणी म्हणायच्या, काशीराम मला फुलवायचा. "पेटी आल्याबिगर नवरीला हलद लावू नका गो!" असं म्हाताऱ्या दटावून सांगायच्या. माझ्या पांढऱ्या पट्ट्यांवर हळदीची बोटं उमटली आहेत. ते डाग नाहीत, ती माझी प्रशस्तिपत्रकं आहेत.

मग मांडवात घराएवढे स्पीकर आले. मिठागरं गेली, तिथे इमारती उभ्या राहिल्या. काशीरामच्या मुलानं, शैलेशनं, जमिनींच्या व्यवहारात नाव काढलं आणि बंगला बांधला. शेजारी त्याच्यासारखेच अकरा बंगले एका रांगेत आहेत, रंगसुद्धा तोच. म्हणून शैलेशनं फाटकावर आपल्या नावाची भली मोठी पितळी पाटी लावली. ती रोज पुसली जायची. मला मात्र कपाटावर चढवलं. मिक्सर पुढे बिघडल्यावर तो माझ्यावर चढला.

यंदा शैलेशच्या मुलीचं, विनिताचं लग्न ठरलं. विनिता न्हावा शेव्याला कंटेनरच्या एका ऑफिसात कामाला आहे आणि तिचा आवाज बापापेक्षा वरच्या पट्टीत लागतो. ती म्हणाली, "आजोबा, माझ्या हळदीला तुमची पेटी वाजली पाहिजे."

"डीजे ठरलाय," शैलेश म्हणाला. "आणि पेटी मी महादेवला कबूल केलीय. हायवेवर त्याचं नवीन हॉटेल होतंय ना, तिथं भिंतीवर लावणार. आत दिवा सोडणार. एकदम झकास दिसेल."

मित्रांनो, आत दिवा! ज्या छातीतून तीस वर्षं सूर निघाले, तिच्यातून चाळीस वॅटचा उजेड निघणार आणि त्याखाली लोक चिकन लॉलीपॉप खाणार. मी त्याच क्षणी ठरवलं, जळलो तरी चालेल, पण दिवा म्हणून लागणार नाही.

काशीराम एवढंच म्हणाला, "वाजली तर?"

"बिस्पतवारी हळद आहे. त्या दिवशी वाजली तर ठेवा. नाही वाजली तर महादेवचा टेम्पो येईल."

तो रविवार होता, म्हणजे गुरुवारपर्यंत चारच दिवस. काशीरामनं मला खाली उतरवलं, पट्टे खांद्यावर घेतले आणि ओढलं. माझ्यातून जो आवाज निघाला तो मी इथे लिहीत नाही. सायकलच्या ट्यूबमधून तो नेहमी निघतो. भाता पेटीला धरून ठेवणाऱ्या बारा छोट्या स्क्रूंपैकी एक कुठेतरी गळून पडला होता आणि सगळी हवा त्या फटीतून पसार होत होती. विनितानं मोबाईलवर शोधलं. तसला स्क्रू मिळत होता, परदेशातून, सहा आठवड्यांनी.

"आपल्या बाजारात काय नाय मिलत?" काशीराम म्हणाला आणि सोमवारी निघाला.

इथे तुम्हाला मिठागराची एक रीत सांगायला हवी. मिठाचा सौदा करायचा तर आधी व्यापाऱ्याकडे नमुन्याची पुडी ठेवून यायची. पुडी परत कोणी मागत नसे, कारण मागे मिठाचा डोंगर उभा असे. काशीरामच्या हाडीमाशी ही रीत मुरलेली. त्यानं माझा एक चांगला स्क्रू काढला आणि बाजारातल्या भगवान हार्डवेअरवाल्याला दाखवला.

भगवाननं तो उजेडात धरला. "काका, हा आपल्याकडचा नाय. पण मागवतो. नमुना ठेवून जा."

काशीराम नमुना ठेवून आला. आणि एकावर भरवसा नको म्हणून दुसरा स्क्रू काढून घड्याळवाल्याकडे गेला. मग सायकलवाल्याकडे. मग शिलाई मशीनच्या दुरुस्तीवाल्याकडे. मग एका जुन्या पेटीवाल्याकडे, जो आता मोबाईलची कव्हरं विकतो. प्रत्येकजण म्हणाला, "नमुना ठेवून जा." प्रत्येक ठिकाणी तो समाधानानं ठेवून आला. मंगळवारी संध्याकाळी तो घरी परतला तेव्हा एका हरवलेल्या स्क्रूच्या शोधात त्यानं उरलेले अकराही अकरा दुकानांत वाटून टाकले होते. त्यानं मला उचललं. माझा डावा भाग त्याच्या हातात राहिला, उजवा जमिनीवर.

शैलेशनं खिशातून मोबाईल काढला. "महादेव, टेम्पो पाठव रे बिस्पतवारी. हो, दोन तुकड्यांत आहे. तुला सोपं जाईल."

काशीराम माझ्या दोन तुकड्यांमध्ये बसून राहिला. तेव्हा त्याची बायको, गंगाबाई, कमरेला पदर खोचून उभी राहिली.

"अवो, नमुना मिठाचा ठेवतान. सक्रूचा कोन ठेवतो?"

बुधवारी ती त्याला रिक्षात घालून बाजारात घेऊन गेली. तिनं अकराही दुकानं उलटीपालटी केली. आठ स्क्रू मिळाले. घड्याळवाला लग्नाला गावी गेला होता. सायकलवाल्याकडचा नमुना खोक्यातल्या हजार स्क्रूंत मिसळला होता. आणि मशीनवाल्यानं माझा स्क्रू अरुंधतीबाई नावाच्या शिंपिणीच्या मशीनला बसवून दिला होता.

"अगदी फिट बसला हो!" तो कौतुकानं म्हणाला.

गंगाबाई काय म्हणाली ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

आठ स्क्रू आणि चार भोकं घेऊन दोघं परतली. "आता या मापाचं चार कुठून आनू?" काशीराम म्हणाला.

गंगाबाईनं माझ्या भोकात बोट घालून पाहिलं. "ह्ये लाकूडच हाय ना?"

"हाय."

"मंग माप कशाला पायजे? मोरीच्या दाराचा बिजागरा चालीस वर्सं मीच बसवतंय. भोकान काडेपेटीची काडी घाल, आनि कंचा पन सक्रू पील. जातो का नाय बघ."

मित्रांनो, तीन दिवस अख्खं पनवेल पालथं घालून जे मिळालं नाही ते स्वयंपाकघरात गॅसशेजारी होतं. काशीरामनं काड्या तोडून भोकांत बसवल्या. आता हवे होते फक्त चार स्क्रू, कुठलेही, पण मजबूत. मिक्सरचे गंजलेले निघाले. गंगाबाई हातात पेचकस घेऊन अंगणात गेली आणि थोड्याच वेळात परत आली. तिच्या तळहातावर चार पितळी स्क्रू होते. लखलखीत, रोज पुसलेले.

काशीरामनं ते ओळखले. "गंगे, पोरगा बोंबलंल."

"बोंबलू दे. सुरात बोंबलायला पेटी हाय आता."

गुरुवारी संध्याकाळी मांडवात डीजेनं पहिलं गाणं लावलं, तशी पाटावर बसलेल्या विनितानं हळदीचा हात वर केला. "बंद करा ते. माझे आजोबा वाजवणार आहेत." शैलेश काही बोलायला गेला, पण हळद लागलेल्या नवरीशी मांडवात वाद घालायची हिंमत आमच्याकडे अजून कोणी केलेली नाही.

काशीरामनं मला उघडलं. माझे दोन स्वर मुके निघाले, एक भलताच बोलला, पण हवा कुठूनही सुटली नाही. काडेपेटीच्या चार काड्या आणि चार उपरे स्क्रू घट्ट धरून राहिले. म्हाताऱ्यांनी पहिली ओळ उचलली आणि मी वाजलो. पुढची ओळ बायांनी उचलली, मी पुन्हा वाजलो. शेवटी डीजेवाला पोरगासुद्धा टाळ्या वाजवू लागला.

आणि टेम्पो? टेम्पो आला होता. ड्रायव्हरनं बारा सारख्या बंगल्यांच्या रांगेत तीन फेऱ्या मारल्या. पितळी पाटीचं घर कुठलं, ते त्याला सापडेना. महादेवनं शैलेशला अकरा फोन केले. ते कोणालाच ऐकू आले नाहीत, कारण मी वाजत होतो.

तर मित्रांनो, माझं सांगणं एवढंच. जुन्या वस्तूला माळ्यावर टाकू नका, भिंतीवर लावू नका आणि तिच्यात दिवा तर मुळीच सोडू नका. ती गळते, कण्हते, तिचे स्क्रू पडतात. पण ती संपलेली नसते. तिला उघडा, पुसा, वाजवा. मी अजून एकशेचौदा बटणं शिल्लक ठेवून आहे, आणि ती वापरल्याशिवाय मी हलणार नाही!

शैलेशची पाटी मात्र सध्या सुतळीनं बांधलेली आहे आणि वारा आला की उलटी होते. तेव्हा तुमच्यापैकी कोणी बाजारात जाणार असेल, तर भगवानकडून चार पितळी स्क्रू तेवढे आणा.

नमुना ठेवून येऊ नका.