चौकटीतलं समीकरण

मित्रांनो, मी झाशीच्या रेल्वे वसाहतीतल्या एका शाळेचा जुना फळा आहे. आता अडगळीच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभा असतो. जुन्या डब्यांच्या सागवानी फळ्या जोडून वर्कशॉपच्या सुतारांनी मला बनवलं. तेव्हा वाफेची इंजिनं होती. शेडचा धूर थेट वर्गात शिरायचा, त्यामुळे मला काळा रंग द्यायचा खर्च तसा फुकटच गेला म्हणायचा.

माझ्या उजव्या कोपऱ्यात खडूची एक चौकट असे. तिच्यावर लिहिलेलं असे, ‘मिटाना मना है’, म्हणजे पुसायला मनाई. महत्त्वाचं ते तिथे राहायचं. तिला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

एका वर्षी विज्ञानाच्या मास्तरांची मध्येच बदली झाली. रेल्वेत हे नेहमीचंच. त्यांचा तास इतिहासाच्या जगन्नाथ मास्तरांच्या गळ्यात पडला. माणूस भला, पण रसायनाशी त्यांचं कधी जमलं नव्हतं. हायड्रोजन जळून पाणी होतं, याचं समीकरण त्यांनी मांडलं. डावीकडे ऑक्सिजनचे दोन अणू, उजवीकडे एकच. मग त्यांनी काय करावं? पाण्याच्या O खाली बारीकसा 2 चिकटवला आणि चौकटीत लिहून टाकलं, H₂ + O₂ → H₂O₂. जुळल्या की हो दोन्ही बाजू! पण खालचा बारीक आकडा बदलला की पदार्थच बदलतो, मित्रांनो. जुळवायचं असतं ते सूत्राच्या आधी आकडा लिहून.

हे कांचनच्या लक्षात आलं. तिचे वडील जनार्दनराव रेल्वे दवाखान्यात कंपाउंडर होते. पुढच्या वर्षी विज्ञान घ्यायचं आणि डॉक्टर व्हायचं, हे तिनं साऱ्या वर्गाला सांगून ठेवलं होतं. ती उठली, चौकटीतलं पुसलं आणि लिहिलं, 2H₂ + O₂ → 2H₂O.

“सरजी, वह तो घाव धोने की दवा बन गई थी,” ती म्हणाली. वडिलांच्या दवाखान्यात जखमा धुवायला वापरतात ते हायड्रोजन पेरॉक्साइड म्हणजेच H₂O₂. वर्ग हसला आणि मास्तरांचा पारा चढला.

“मिटाना मना है, पढ़ा नहीं? विज्ञान तुम्हारे बस का नहीं.” त्यांनी तिला तास संपेपर्यंत उभं ठेवलं आणि आपलं समीकरण पुन्हा लिहिलं.

मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा होता. मास्तरांनी पुस्तक उघडलं आणि त्यांचा चेहरा पडला. घाईघाईनं रुमालानं चौकट पुसून त्यांनी कांचनचं समीकरण लिहिलं. मुलं परतली. मला वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, “किताब खोलो.” कांचननं नेमकं काय लिहिलं होतं ते बाकीच्यांच्या ध्यानातही नव्हतं; त्यांना वाटलं, मास्तरांचं पहिल्यापासून बरोबरच होतं. कांचननं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

त्यानंतर मास्तर तिची नजर चुकवू लागले. वर्ग रिकामा झाला की माझ्यापुढे पुटपुटायचे, “उद्या सांगतो तिला.” त्यांचा तो उद्या काही उजाडेना. ऐकून ऐकून मलाच अपराध्यासारखं वाटायचं, आणि त्यांचा रागही यायचा.

वर्ष संपलं. कांचननं गृहविज्ञान घेतलं. मास्तरांनी तिला थांबवून, वर्गातली हिंदी सोडून दोघांच्या घरच्या मराठीत विचारलं, “अगं, विज्ञान का नाही घेतलंस?”

“मला नाही जमायचं ते, सर. तुम्हीच सांगितलं होतं ना.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. मास्तर काही बोलणार, तोवर ती पाया पडून निघूनही गेली.

मित्रांनो, फळा ओल्या फडक्यानं पुसा, जपून वापरा, हे तुम्हाला कुणीही सांगेल. माझं मागणं वेगळं आहे. चूक सगळ्यांसमोर झाली असेल, तर ती सगळ्यांसमोरच पुसा. मास्तरांनी ती एकट्यानं पुसली, आणि वर्गाच्या लेखी कांचन चुकलेलीच राहिली.