डब्यावरचं बटण

मला वाट बघता येत नाही. लिफ्ट यायला उशीर झाला की मी जिन्याने निघते, आणि समोरचा एखाद्या शब्दासाठी अडला की तो शब्द मीच बोलून टाकते. घरचे म्हणतात, हिचा राग नाकावरच बसलेला असतो. पण याच स्वभावावर माझं पोट चालतं. छोट्या दुकानदारांच्या रेंगाळणाऱ्या वेबसाइट भराभर उघडतील अशा करून देणं हा माझा धंदा. बेकरीवाला, चावीवाला, चष्मेवाली, सगळ्यांची कामं केली. राहिली होती ती माझी सख्खी मावशी. कारण तिची वेबसाइट खुद्द काकांनी, म्हणजे तिच्या यजमानांनी केली होती, आणि तिला हात लावायची कोणाची टाप नव्हती.

मावशीचं दुकान बटणांचं. फक्त बटणांचं. जमिनीपासून छतापर्यंत पुठ्ठ्याचे डबे आणि मधे एक शिडी. अख्खा रस्ता तिला बटणमावशी म्हणतो. गुडघा धरल्यापासून तिला शिडी चढवेना, दारातून येणारी गिऱ्हाइकंही रोडावली, म्हणून बसल्या जागी विकता यावं यासाठी ही वेबसाइट. आणि लेकीचा रोज फोन, की पुरे झालं आता, दुकान बंद करा आणि माझ्याकडे राहायला या.

माझ्या कोटाचं बटण तुटलं म्हणून मी गेले, तर वरच्या रांगेतले डबे खाली काढून सुतळीने बांधून ठेवलेले.

"साफसफाई काढलीस का गं?"

"छे. शिवणाच्या शाळेला देऊन टाकतेय. वेबसाइटवरून कोणी काही मागवत नाही. महिनाअखेरपर्यंत बघायचं, नाहीतर लेकीकडे जायचं, असं ठरलंय आमचं."

भाजी आणायला जाते म्हणावं, तसं तिने ते सांगितलं. लहानपणी रंगांची नावं मी याच दुकानात शिकले होते.

तेवढ्यात फोन वाजला. दुसऱ्या गावची कोट शिवणारी एक बाई होती. मावशीने आवाज मोठा केला.

"तुमचं दुकान उघडतच नाही हो!"

"अहो, मी सकाळपासून उघडून बसलेय!"

"मोबाइलवर म्हणते मी. नुसतं पांढरं पान दिसतंय. कपडे वाळत घालून आले, तरी पांढरंच."

मी माझ्या मोबाइलवर उघडून पाहिलं आणि डोक्यात तिडीक गेली. काकांनी एकेका बटणाचा फोटो आपल्या मोठ्या कॅमेऱ्याने काढला होता, भिंतीवर लावता येईल एवढा. आणि दुकानातली झाडून सगळी बटणं एकाच पानावर. कोणाला साधी चार काळी बटणं हवी असली, तरी आधी अख्खं दुकान त्याच्या मोबाइलवर वाहून न्यायचं!

"काका, फोटो लहान करावे लागतील," गल्ल्यावर बसलेल्या काकांना मी म्हटलं.

घोडं इथेच अडलं.

"लहान? अगं, रंग कळायला नको? एकदा राखाडी म्हणून निळसर गेलं, तर माणूस भांडायला आला होता. बटण जवळूनच बघायची वस्तू आहे."

"बरं, पण सगळी एकाच पानावर कशाला?"

"गिऱ्हाइकापासून माल लपवायचा नाही. पहिल्या दिवसापासून आमचं हे ठरलेलं."

"तुमच्या या हौसेपायी दुकान बंद होतंय, काका!"

काका चष्मा काढून शर्टाला पुसत बसले. मला लगेच वाईट वाटलं, पण माफी मागायलाही जीभ रेटेना. मावशीला आम्हा दोघांचे स्वभाव पाठ. ती म्हणाली, "अहो, आधी तिला कोटाचं बटण काढून द्या. भांडण नंतर करा."

मला गडद हिरवं हवं होतं. काका शिडीवर चढले आणि डब्यांवरून बोट फिरवत गेले. त्या दुकानात प्रत्येक डब्याच्या दर्शनी बाजूला आतलं एक बटण दोऱ्याने शिवलेलं असतं. ते बघत बघत त्यांनी नेमका एकच डबा ओढला.

"काका, बाकीचे डबे नाही उघडलेत?"

"कशाला उघडू? बाहेर शिवलेलं दिसतंय की."

"मग मी दुसरं काय सांगतेय?"

डबा हातात धरून ते शिडीवर तसेच उभे राहिले.

"म्हणजे पानावर फक्त शिवलेलं बटण," ते सावकाश म्हणाले.

"हो. आणि ज्याला जे हवं, त्याने त्यावर बोट ठेवलं की डबा उघडायचा. मोठा फोटो, अगदी जवळून."

"लपवल्यासारखं नाही का होत?"

"डब्यांना झाकणं आहेत म्हणून तुम्हाला कोणी लबाड म्हटलंय का?"

मावशी खो खो हसली. काकाही हसले, पण जरा उशिराने.

मग मी गल्ल्याशेजारीच ठाण मांडलं. पानावर छोटे फोटो लावले, आणि बोट जसं खाली सरकेल तशी पुढची रांग यावी अशी सोय केली. मोठे फोटोही डोळ्याला फरक कळणार नाही इतपत हलके केले. काका डोक्याशी उभे राहून एकेक तपासत होते. शिंपल्याच्या बटणांपाशी त्यांनी मला थांबवलं. "यांची झळाळी गेली." मी नाही नाही म्हणत राहिले, मग नीट पाहिलं. खरंच गेली होती. तेवढे फोटो मी निमूटपणे जड ठेवले.

परीक्षेला मावशीचाच मोबाइल घेतला, काच तडकलेला, जुनापुराणा. तिने पानावर बोट ठेवलं आणि ती चष्मा शोधायला वळली. चष्मा सापडायच्या आत बटणं हजर!

"आलंसुद्धा?"

"इतक्या पटकन?" काका म्हणाले. "काहीतरी गाळलं असणार हिने." आणि ते रांगा ताडून बघत बसले. काहीही गळलं नव्हतं.

मावशीने स्वतःहून त्या कोटवाल्या बाईला फोन लावला. "आता बघा बरं." मी पाय हलवत बसले. वाट बघणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

"अगं बाई, ही शिंगाची तपकिरी किती सुंदर आहेत!" पलीकडून आवाज आला. "कडेला फिकट रेघ असलेली. आहेत ना ही? सगळ्या कोटांना हीच लावते. आणि आमच्या इथल्या शिवणाऱ्या बायकांनाही तुमचं दुकान दाखवते."

"आहेत, आहेत," मावशी म्हणाली, आणि तिने काकांकडे पाहिलं. तो डबा सुतळीने बांधलेल्या ढिगात होता.

फोन ठेवल्यावर काकांनी हळूच विचारलं, "लेकीला काय सांगायचं?"

"सांगू, सुट्टीत चार दिवस येतो म्हणून. कात्री द्या इकडे."

काका वाकून तेवढा एक डबा सुतळीतून सरकवायला लागले. मावशीने त्यांचा हात बाजूला केला, आणि हवा होता एकच डबा, तरी एकामागून एक सगळ्या सुतळ्या कापून टाकल्या.