तांबडं तळं

‘चहा फक्कड झालाय हो,’ कप बशीत ठेवत आई मालकीणबाईंना म्हणाली, ‘पण आता निघतो आम्ही. घरी वाट बघत असतील.’

‘अहो आजी, हेच तर तुमचं घर!’ मालकीणबाई लाडात येऊन म्हणाल्या. ‘म्हणजे तेव्हाचं. आता बंगला झालाय, पण तळं तेच. बघा, कमळं कशी फुललीत!’

आईने पाहुणीच्या अदबीने खिडकीबाहेर पाहिलं, मान डोलावली. मग लेकीच्या, ताईच्या कानाशी लागून हळूच विचारलं, ‘तांबडं तळं कुठंय गं?’

ताईने पुन्हा खिडकीबाहेर पाहिलं. समोर तिचा धाकटा भाऊ मात्र खुशीत फोटो काढत होता. आईचा, तळ्याचा, आईसकट तळ्याचा. बाथरूमच्या फरश्यांच्या मोठ्या दुकानात तो व्यवस्थापक होता आणि हा बंगला त्याच्या गिऱ्हाइकाचा निघाला, म्हणून तर आत शिरता आलं होतं.

‘तळ्यांचे मालक होतो आपण, ताई!’ परतताना गाडीत तो म्हणाला. ‘सगळ्यांना फोटो धाडले. आमचं मूळ घर म्हणून.’

‘आईला ओळख पटली नाही.’

‘आईला काल माझीही पटली नव्हती. दुधवाला समजून मला पातेलं दिलं तिने. तिचं काय घेऊन बसलीस?’

मागच्या सीटवर आई गाठोडं मांडीवर धरून बसली होती. वर्षभर हेच चाललं होतं. आधी सून विसरली, मग नवरा विसरली, मग संसार. कांद्याच्या पापुद्र्यांसारखं वय सुटत सुटत आत कुठेतरी एक सात-आठ वर्षांची पोर उरली होती, आणि ती पोर रोज दुपारी चार लुगडी गाठोड्यात बांधून उंबऱ्यावर बसायची. चला, मला घरी सोडा. कुठल्या घरी? तर ती गाणं म्हणायची:

पांढऱ्या तळ्यात गं बुडविला चांदवा,
तांबड्या तळ्यात गं मावळतीचा दिवा,
दोन्ही तळ्यांचा गं बाप माझा राजा,
गुडघाभर पाण्यात उभा राजा माझा.

ही पोर हातातून निसटायच्या आत तिला एकदा तिच्या दारात उभं करायचं, एवढंच ताईच्या मनात होतं. पण दार कुठे आहे, हे सांगणारं माणूस उरलं नव्हतं. आजोळ कधी कुणी पाहिलंच नव्हतं. आई लग्न होऊन आली ती पुन्हा माहेरी गेली नाही. का, ते तिने कधी सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

ताई रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला होती. आया, वॉर्डबॉय, डॉक्टर, सगळेच तिला ताई म्हणत. उभा जन्म तिने परक्यांची घाण धुतली होती: रक्ताच्या चादरी, पुवाचे अभ्रे, ओकाऱ्यांचे टॉवेल. तिला किळस येत नसे असं नाही. रोज येई, पगारी माणसासारखी वेळेवर येई आणि पाळी संपली की जाई. ताई तिच्या शेजारी उभी राहून काम करायला शिकली होती, इतकंच. म्हणूनच असेल, आईचं ते तळ्यांचं घर तिला हवंहवंसं वाटे. आपण या घाणीत आलो. पण जिथून आलो ते तरी स्वच्छ होतं, हा केवढा आधार.

नगरपालिकेच्या जुन्या दप्तराच्या खोलीत ती कितीतरी रजा घालवून बसली होती. जन्माच्या नोंदीत आईचा वॉर्ड सापडला, नदीकाठचा. घर काही सापडेना. मग त्या वॉर्डाचा जुना नकाशा निघाला, कापडावर चिकटवलेला. दप्तराचा कारकून जिभेवर अंगठा टेकवल्याशिवाय पान उलटत नसे. तोच ओला अंगठा त्याने नकाशावरून फिरवला तेव्हा ताईला शिसारी आली. नकाशाला कुबट वास होता. घड्यांतून झुरळांची अंडी खाली सांडली. आणि खालचा अख्खा कोपरा पिवळा पडलेला.

‘उंदीर,’ कारकून दात कोरत म्हणाला. ‘मुततात मेले.’

ताईने दोन बोटांच्या चिमटीत तो कोपरा धरला, मागे दुमडला आणि उरलेल्या नकाशावर तळी शोधली. वरच्या अंगाला निळ्या रंगात दोन सुरेख तळी होती. तिने ती नव्या नकाशाशी ताडून पाहिली, त्यांतलं एक अजून उरलं होतं, आणि बंगल्याचं दार सापडलं. असा सगळा तो शोध.

सोमवारी ती धुलाईघरात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून हौदात उतरली. एका हौदात ब्लीचिंग पावडरचं पांढरं पाणी, दुसऱ्यात शस्त्रक्रियेच्या चादरी भिजत घातलेल्या. काम करता करता ओठांवर आईचं गाणं आलं. गुडघाभर पाण्यात उभा राजा माझा.

ती मध्येच थांबली.

‘काय गं ताई, पाय घसरला का?’ पलीकडून मदतनीस बाईने विचारलं.

‘राजा कशाला उभा राहील गं गुडघाभर पाण्यात?’

‘कुठला राजा?’

एक पांढरा हौद आणि एक तांबडा. ताई पाहतच राहिली.

अर्धी पाळी टाकून ती दप्तराच्या खोलीत गेली. दुमडलेला कोपरा उलगडला. डाग ओळखण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. चहाचा कुठला, औषधाचा कुठला, लघवीचा कुठला, लांबून सांगायची. आणि हा मात्र तिने नीट पाहिलाही नव्हता. डागाला कडा होत्या. सरळ, आखलेल्या. उंदीर काही पट्टी लावून मुतत नाही. नकाशा काढणाऱ्याने कुंचल्याने भरलेला तो रंग होता, आणि तळाशी खुलासा होता: पिवळा रंग, दुर्गंधीचे धंदे. त्या पिवळ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं: चुन्याचे हौद. बाभळीच्या सालीचे हौद. कातडी वाळवण्याचं मैदान. हौदांना चिकटून खोल्यांची एक रांग. त्या रांगेची घरपट्टीची वही मागवली, तर आजोबांचं नाव निघालं. पुढे धंदा: कातडी कमावणे.

ताई उठली ती थेट मोरीकडे गेली आणि सकाळचा चहा तिने ओकून टाकला.

चुळा भरताना तिला स्वतःचीच किळस आली. बंगल्यात आपल्याला बरं वाटलं होतं. आईला ओळख पटली नाही तरी बरं वाटलं होतं.

भावाच्या दुकानात सगळं लखलखत होतं. पाय ठेवायला भीती वाटावी असं. तिने सांगितलं तसा तो तिला कमोडांच्या रांगेमागे घेऊन गेला.

‘हळू बोल, गिऱ्हाईक आहे. कातडी? म्हणजे मेलेल्या जनावरांची?’

‘जिवंताची कोण कमावतं रे?’

‘शी!’ त्याने नकळत हात पँटीला पुसले. ‘हे बघ ताई, माझ्या लेकीचं ठरत आलंय. त्या लोकांना बंगल्याचा फोटो दाखवून बसलोय मी. तो नकाशा होता तसा दुमडून ठेव.’

‘आणि आई?’

‘आईला काय, कुठेही नेऊन बसवलं तरी चालतं. तिला कळतंय थोडंच? अजून किती दिवसांची सोबत?’

चकचकीत फरशीत त्याचा चेहरा उलटा दिसत होता. याला लहानपणी आपण कडेवर घेतलं, याचा शेंबूड पुसला, त्याची कधी किळस आली नाही. आज आली.

‘रविवारी गाडी आणतोस की रिक्षा करू?’ तिने विचारलं.

आणली त्याने. रिक्षात आईला काही झालं तर लोक काय म्हणतील, या भीतीने आणली.

नदी तिथे नदी राहिली नव्हती. शेवाळी, फेसाळ पाणी, काठावर केसांचे लगदे, मांसाचे खरवडलेले पापुद्रे, त्यांवर कावळे. मोठा नवा कारखाना रविवारचा बंद होता. पण त्याच्या पाठीमागे हातकामाचे जुने हौद अजून चालू होते. रखवालदाराने हसतच फाटक उघडलं. ‘बघायला आलात? इथं?’

भावाने काचा वर केल्या आणि गाडीतच बसून राहिला.

वास असा की तो नाकाने घ्यावाच लागत नव्हता. तो अंगावर येत होता, जिभेवर बसत होता. कुजकं अंडं, ओला कुत्रा, आंबलेला चुना. जन्मभर पू धुतलेल्या ताईच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने पदराचा बोळा करून नाकातोंडावर दाबला.

आई मात्र ताठ झाली. काठी तिने ताईकडे दिली. जी भिंत आता नव्हती तिला वळसा घालून, जी पायरी उरली नव्हती ती जपून उतरून, ती चालू लागली. खोल्यांच्या जागी नुसती जोती होती. त्यांतल्या एका जोत्यापाशी तिने चपला काढल्या, गाठोडं ठेवलं आणि हौदाच्या काठावर जाऊन बसली. पाणी खरोखरच तांबडं होतं, सालींनी गडद झालेलं. उन्हात ते सुंदर दिसत होतं, याचा ताईला राग आला.

‘झालं ना आई? बघितलंस ना? चल आता.’ पदराआडून शब्द नीट निघेनात.

पलीकडे एक माणूस लाकडी ओंडक्यावर कातडं पसरून सुरीने खरवडत होता. उघडा, घामेजलेला, कोपरापर्यंत हात माखलेले. या दोघींना पाहून तो थांबला होता. ताईच्या तोंडावरचा पदर त्याने पाहिला आणि अर्धवट पाठ फिरवून उभा राहिला, बाया जाईपर्यंत थांबायची सवय असल्यासारखा.

आईने ताईचं मनगट धरलं. धरणं इतकं घट्ट, की या बाईला चमच्याने भात भरवावा लागतो यावर विश्वास बसू नये.

‘पदर काढ आधी.’

‘आई, मला सोसत नाही गं.’

‘काढ म्हणते ना! बाबा बघतायत.’ आई दबक्या आवाजात, पोटतिडकीने म्हणाली. ‘त्यांना वाटेल, आपल्याला त्यांची किळस येते.’

माणसाने ते ऐकलं. त्याचे खांदे हलले. पण त्याने वळून पाहिलं नाही.

ताईने पदर खाली घेतला. पहिला श्वास अर्ध्यावरच सुटला. तिने ओठ मिटले आणि दुसरा श्वास नाकाने घेतला, सबंध.

‘तिथं ओल आहे,’ पाठ तशीच ठेवून माणूस म्हणाला. ‘अलीकडं बसा. कोरडं आहे.’

ताई आईला धरून अलीकडे सरकली. दोघी बसल्या. थोड्या वेळाने पलीकडे सुरी पुन्हा चालू झाली.