हळू हाक

माझा आवाज मुळातच बारीक. वाचनालयात नोकरी लागली तेव्हा माझ्या आईला कोण आनंद झाला! म्हणाली, "एक तरी जागा सापडली, जिथे तुला कुणी 'जरा मोठ्यानं बोल गं' म्हणणार नाही." आणि लग्न झालं ते छापखान्यातल्या माणसाशी. हे मशीनवर असतात. तिथल्या धडधडाटात दिवसभर ओरडूनच बोलावं लागतं, आणि ती सवय काही चपलांसारखी दाराबाहेर काढून ठेवता येत नाही. यांनी नुसतं "पाणी दे" म्हटलं तरी शेजारचे नळ उघडतात, असं सासूबाई म्हणतात.

त्यामुळे आमचा ढब्बू बाबांच्या हाकेला गर्रकन वळायचा आणि माझ्या हाकेला ढिम्म बसून राहायचा, याचं घरात कुणालाच नवल वाटलं नाही. उलट करमणूकच झाली. मी मागून हाक मारली आणि तो वळला नाही की सासूबाई म्हणायच्या, "अगं, तुझी हाक तुझ्या ओठांबाहेर तरी पडते का? त्या बिचाऱ्याला काय स्वप्न पडणार?" मीही हसायचे. मग समोर जाऊन बसायचे. मला बघितलं की त्याचं अख्खं अंग हसायचं.

कान मात्र त्याचे सारखे बिघडायचे. सर्दी झाली की ताप, आणि ताप आला की कान धरून रडणं. एखाद्या सकाळी उशीवर पिवळसर डाग दिसला की समजायचं, आता पू वाहून गेला, आता जरा शांत झोपेल. औषधाची एक बाटली संपते न संपते तोच दुसरी सुरू. वर्षाचाही झाला नव्हता अजून. शेवटी लहान मुलांचे डॉक्टर म्हणाले, "आता मी नुसती औषधं बदलत बसण्यात अर्थ नाही. कानाच्या डॉक्टरांना दाखवा." त्यांनी ते वेळेवर सांगितलं. आपल्या हातून होत नाही म्हणायला मन मोठं लागतं. त्यांचं नाव मी अजूनही रोज देवापुढे घेते.

सकाळी अंघोळ झाली की दिवा लावून मी जपाला बसते. जप पुरा होईपर्यंत दुसरा शब्द बोलायचा नाही, हा माझा नेम. ढब्बू झाल्यापासून त्याला मांडीवर घेऊनच बसू लागले. एरवी एका जागी न ठरणारं पोर तेवढा वेळ अगदी गप्प असायचं. माझ्या गळ्यावर पंजा टेकवायचा आणि टक लावून ओठांकडे बघत राहायचा. "भक्त निघणार हो हा," सासूबाई कौतुकानं म्हणायच्या. मला मनातून फार बरं वाटायचं.

कानाच्या डॉक्टर म्हणजे एक उंच, सावकाश बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी ढब्बूच्या कानात दिवा लावून बघितलं, आणि मग विचारलं, "हाक मारल्यावर बघतो का?"

"बघतो की!" हे म्हणाले. ढब्बूनं लगेच वळून यांच्याकडे बघितलं. "हे बघा, बघतोच आहे."

बाई हसल्या. मग माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही मारल्यावर?"

"माझा आवाज जरा लहान आहे," मी म्हटलं.

"तिचा आवाज कुणालाच येत नाही, डॉक्टर," यांनी समजावून सांगितलं. "घरात सगळ्यांची तक्रार आहे."

"मला तर येतोय," बाई म्हणाल्या. "मघापासून सगळं व्यवस्थित ऐकू येतंय मला."

बाहेर नर्सनं कुणाचं तरी नाव पुकारलं. इतके दिवस घरात ज्याच्यावर हसत होतो, ते हसण्यासारखं नव्हतंच.

मग त्यांनी एका यंत्राचं रबरी बोंडूक ढब्बूच्या कानाला लावलं. पडदा हलतो की नाही ते त्यावर कळतं. चांगल्या कानाची रेघ कागदावर डोंगरासारखी उमटते म्हणे. ढब्बूच्या दोन्ही कानांची रेघ सपाट आली. सपाट रेघ म्हटल्यावर यांचा चेहराच उतरला. "म्हणजे हृदयाला काही..." हे घाबरून म्हणाले.

"अहो, हृदय ठणठणीत आहे, कानाचीच रेघ आहे ही. पडद्यामागे पाणी साचून घट्ट झालंय. डिंकासारखं. त्यामुळे पडदा हलत नाही. मोठा आवाज पोहोचतो, हळू पोहोचत नाही. आणि तेच पाणी पुन्हा पुन्हा पिकतं."

मी त्यांना जपाचं सांगितलं. तो गळ्यावर हात ठेवतो, हे सांगितलं. बाईंनी मान डोलावली. "आवाजाची थरथर हाताला लागते ना. हुशार आहे. कानानं जे मिळत नाही ते हातानं घेतोय."

उपाय त्यांनी नीट समजावला. पडद्याला बारीकशी चीर द्यायची, साचलेलं ओढून घ्यायचं आणि तिथे तांदळाच्या दाण्याहूनही लहान नळी बसवायची. नळीतून हवा खेळती राहिली की पाणी साचत नाही. पुढे ती आपली आपण गळून पडते. "घरी जाऊन विचार करा," त्या म्हणाल्या, "पण फार लांबवू नका. हे वय ऐकून ऐकून बोलायला शिकायचं आहे."

"भूल द्यावी लागेल?" यांनी विचारलं.

"द्यावी लागेल. थोडाच वेळ, पण पुरती. हलला तर पडद्यावर काम कसं करणार?"

तिथेच सगळं अडलं.

घरात पाऊल टाकल्याबरोबर हे सुरू झाले. "एवढ्याशा जिवाला भूल! ऐकतो तो. माझं सगळं ऐकतो. जरा मोठा झाला की जाईल आपोआप. लहानपणी कुणाचे कान फुटत नाहीत?"

"तुझे नव्हते फुटले," सासूबाई म्हणाल्या. "तू फक्त दुसऱ्यांचे फोडतोस."

"आई, थट्टा नको. भुलीतून उठलाच नाही तर?"

भीती मलाही होती. खोटं कशाला सांगू, मास्क लावलेलं त्याचं तोंड डोळ्यांपुढे आलं की मी त्याला उचलून छातीशी धरायचे. पण दुसरी भीती त्याहून मोठी होती. शब्द शिकण्याच्या या दिवसांत माझा एकही शब्द त्याच्यापर्यंत पोहोचला नाही तर? आईचं नुसतं तोंड हलताना बघूनच तो मोठा झाला तर?

दोन-चार दिवस असेच गेले. मग एका सकाळी मी जप आटोपून उठले, तर हे चहाचा कप घेऊन दारात उभे. देवाधर्माचं यांना फारसं नाही. मी बसले की पेपर वाचतात.

"तू रोज बोलतेस त्याच्याशी," देवाकडे बोट करून म्हणाले. "एकदा विचार ना, करू की नको?"

"त्याला काय विचारायचं? एवढ्या शिकलेल्या बाई त्यानं समोर आणून बसवल्या. त्यांनी नीट सांगितलं. आता परत विचारलं तर तो म्हणेल, कान हिचेच तपासायला हवेत."

हे हसले. पण कप तसाच हातात राहिला, चहावर साय धरली. मी म्हटलं, "अहो, मी काही तुम्हाला आग्रह करत नाही. एक करा. बाईंनी निघताना सांगितलं होतं, त्याला दिसणार नाही असं मागे उभं राहून हळू हाक मारून बघा म्हणून. मी मारली, रोजच मारते. तुम्ही एकदा मारा."

सुट्टीच्या दिवशी दुपारी ढब्बू सतरंजीवर बसला होता. समोर स्टीलच्या वाट्या, एकीत एक घालण्याचा उद्योग. हे मागे जाऊन उभे राहिले.

"ढब्बू!"

तो वळला. खिदळला.

"बघ!"

"ही हळू हाक झाली?"

यांनी घसा खाकरला. तो परत वाट्यांकडे वळेपर्यंत थांबले. "ढब्बू."

"काय रे?" स्वयंपाकघरातून सासूबाई. "मला हाक मारलीस?"

"तुला कशाला ढब्बू म्हणेन, आई!"

"मग हळू म्हण. इथवर आली हाक."

मला हसू आवरेना. यांनाही आवरेना. पण मग यांनी डोळे मिटले, आणि तिसऱ्यांदा जो आवाज आला तो मी लग्न झाल्यापासून कधी ऐकला नव्हता. कोवळा होता, थोडा घोगरा. अनोळखी रस्त्यावर पत्ता विचारावा तसा. "ढब्बू."

पोरानं वाटी उचलली आणि दुसरीत घातली.

"ढब्बू... ए राजा."

वाटी निघाली. पुन्हा घातली.

हे एक पाऊल पुढे झाले. परत हाक. अजून एक पाऊल. मग गुडघ्यांवर बसले आणि अगदी त्याच्या मानेशी वाकून, तशाच हळू आवाजात हाक मारत राहिले. स्वयंपाकघरातला खडबडाट थांबला होता. सासूबाई हात पुसत दाराशी येऊन उभ्या होत्या. शेवटी यांचा श्वास त्याच्या जावळाला लागला, तेव्हा त्यानं दचकून मान वळवली. बाबा इतके जवळ कधी येऊन बसले, हे त्याला कळलंच नव्हतं. आधी बावरला, आणि मग इतका आनंदला की हातातली वाटी यांच्या नाकावरच आपटली.

हे नाक चोळत तिथेच बसून राहिले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "कधीची तारीख देतील?" त्याच हळू आवाजात. मला मात्र पुरतं ऐकू आलं.

ऑपरेशनच्या दिवशी पहाटे त्याला पाजलं, आणि त्यानंतर दूध नाही. उपास मी आयुष्यभर करत आले, पण भुकेलं पोर कडेवर घेऊन बसण्याइतका कठीण उपास मी केलेला नाही. मीही तोंडात पाणी घेतलं नव्हतं. सासूबाईंनी निघताना त्याची पापी घेतली. म्हणाल्या, "आईचं बघून लेकानंही उपास धरला. फळ त्याला आधी मिळू दे, तुझं मागाहून बघू."

भूल देणारे डॉक्टर गोल चष्म्यातले, तरुण होते. यांनी त्यांना एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला. नक्की उठेल ना, किती वेळात उठेल, उठायला उशीर झाला तर, उठल्यावर ओळखेल ना. त्या भल्या माणसानं दर वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखं उत्तर दिलं. शेवटी म्हणाले, "मी तुमच्या मुलाच्या उशाशी बसून राहणार आहे. माझं कामच ते. तो उठेपर्यंत मी उठत नाही." आणि मग, "तुमच्यापैकी एकानं आत या. झोप लागेपर्यंत मांडीवर घ्या."

मी यांना पुढे केलं. हे माझ्याकडे बघतच राहिले. "तू जा ना. आई लागते."

"तुमचा आवाज येतो त्याला," मी म्हटलं. "मास्क लावला की तो घाबरेल. तेव्हा काहीतरी ऐकू यायला हवं."

हे हिरवा अंगरखा घालून गेले. दार लोटलं गेलं. आणि आतून यांचा आवाज आला. बाकावर बसलेल्या सगळ्यांनी ऐकला. "ढब्बू! अरे ढब्बू! बाबा आहे इथे! झोप हं राजा, बाबा इथेच आहे!" रोज शेजारी ज्याला कंटाळतात तो आवाज, आणि मला वाटलं, देवा, किती जपून ठेवलास हा आवाज, आजच्या दिवसासाठी!

हे बाहेर आले ते हिरवा अंगरखा न काढताच. माझ्याशेजारी बसले. मी जप करत होते, तो मध्येच तोडता येईना, म्हणून नुसता हात धरला. थोड्या वेळानं हे म्हणाले, "जरा मोठ्यानं म्हण ना. मलाही ऐकू दे."

म्हटला मी. माझ्यानं होईल तेवढ्या मोठ्यानं.

बाई बाहेर आल्या त्या मास्क खाली ओढतच. "झालं. दोन्हीकडचा डिंक निघाला, नळ्या छान बसल्या. जागा होतोय." मागून त्याचं रडणंही आलंच. असं सणसणीत, हात-पाय झाडत केलेलं रडणं. मी वाकून बाईंचे हात हातात घेतले. काय बोलायचं ते सुचेना. त्या म्हणाल्या, "आधी दूध द्या त्याला. मग मला काय म्हणायचं ते म्हणा." ते अजून म्हणायचं राहिलंच आहे. त्यांच्यापुढे गेलं की मला शब्द सापडत नाहीत.

संध्याकाळी घरी सोडलं. टॅक्सीत मी मागे, ढब्बू माझ्या मांडीवर, हे शेजारी. पोर पेंगुळलेलं होतं. रुग्णालयाच्या फाटकातून बाहेर पडताना चालकानं वळायचा दिवा लावला. टिक टिक, टिक टिक.

ढब्बूनं मान उचलली.

डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. माझ्या तोंडाकडे बघितलं, ते बंद होतं. मग पुढे झुकला आणि मान तिरकी करून, भुवया उंचावून, तो आवाज कुठून येतो ते शोधू लागला. टॅक्सी वळली, दिवा बंद झाला. त्याचा चेहरा पडला.

"अहो, तो दिवा लावा की परत," हे चालकाला म्हणाले.

"कशाला? आता सरळच जायचंय."

"असू दे हो. लावा. याला ऐकायचंय."

चालकानं आरशातून मागे बघितलं. दोन्ही कानांत कापूस घातलेलं पोर, त्याचे लाल डोळे, आणि त्याच्यावर वाकलेले आम्ही दोघं. त्याला काय समजलं कोण जाणे. "मागचे शिव्या घालतील मला," म्हणाला, आणि लावला.

टिक टिक, टिक टिक. मागून खरंच कुणीतरी भोंगा वाजवला. ढब्बू दचकून तिकडे वळला, मग परत इकडे, मग हसला. चालक म्हणाला, "च्यायला, दोन्ही ऐकतंय की हे!" आणि सरळ रस्त्यानं, डावीकडे वळायची खूण करत, आम्हाला सावकाश घरी नेऊ लागला.